तीस घोडे जादा

महाळुंगे पडवळात देवाला खोटं म्हणणारे दोन-तीन जण निघतील. सरपंचाला तर लोक सकाळ-संध्याकाळ म्हणतात. पण गेणभाऊच्या घड्याळाला खोटं म्हणणारा माणूस या गावात अजून जन्मला नव्हता.

घड्याळ म्हणजे तरी काय, तर दोरीनं गळ्यात अडकवायचं, अंगठ्यानं दाबायचं, शाळेच्या मैदानावर मास्तर वापरतात तसलं. मधली शर्यतबंदीची वर्षं सोडली तर सव्वीस यात्रा गेणभाऊ ते घेऊन बैलगाड्याच्या घाटावर, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, वरच्या रेषेपाशी उभा राहिला. खालच्या पांढऱ्या फक्कीच्या रेषेवरून गाड्याचं चाक गेलं की खालचा माणूस हातातलं उपरणं झटक्यात खाली टाकायचा आणि गेणभाऊचा अंगठा बसायचा. वरच्या रेषेवरून चाक गेलं की अंगठा दुसऱ्यांदा बसायचा. चाकच. बैलाची शिंगं नाही की नाक नाही. कारण कुणाचा बैल लांब असतो, कुणाचा आखूड; चाकाला ते लाड नाहीत. मग आकडा बाळासाहेबाकडे जायचा आणि बाळासाहेब तो माइकवरून पुकारायचा. एकदा पुकारलेला सेकंद माघारी जात नाही, हा त्या घाटाचा कायदा. त्या कायद्यापायी भावकीत डोकी फुटता फुटता राहिली, पण सेकंद माघारी गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी यात्रा कमिटीनं सेन्सर भाड्यानं आणला. दोन खांब, मध्ये न दिसणारा किरण आणि लाल आकड्यांचा बोर्ड. गेणभाऊला मांडवात खुर्ची दिली, गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला. माणसाला जिवंतपणी कसं पुरायचं हे आपल्याकडच्या कमिट्यांना बरोबर कळतं. गेणभाऊनं नारळ घरी आणला, बायकोनं, सारजाबाईनं, त्याची चटणी केली, आणि घड्याळ खुंटीला लागलं.

पोट मात्र त्याचं घड्याळावर नव्हतं, मोटारींवर होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो भरून द्यायचा, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचा. कुणी नवी मोटार आणली तरी आधी गेणभाऊला दाखवायचा. गेणभाऊ दोनशे लिटरचा पिंप मांडायचा, पाणी सोडायचा, घड्याळ लावायचा आणि पिंप भरला की सांगायचा, "लिवलंय पाच हॉर्सपॉवर, हाय साडेतीन. बाकीचे दीड घोडे कंपनीनं आपल्याच दारात बांधून ठेवलेत."

आकड्याचं असंच आहे. बियाण्याच्या पुड्यावर आकडा, क्लासच्या जाहिरातीवर आकडा, पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर तर आकड्यांची जत्राच. छापलेलं दिसलं की आपण वाचतो आणि मान डोलावतो. मोजायला कुणी जात नाही, कारण मोजलं की भांडण होतं. मोजणारा माणूस गावाला एक पुरतो, पण तो एक लागतो.

आणि नेमका त्याच माणसाच्या पोरानं शटरवर आकडा लावला.

ऋषी हाताचा चांगला होता. आयटीआय केलेला, नारायणगावच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज. आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा, बापासारखाच. पण मागच्या दिवाळीला शहरातला एक विक्रेता येऊन त्याला काड्यापेटीपेक्षा जरा मोठी अशी एक डबी दाखवून गेला. बॉनेट उघडायचं, दोन वायरींच्या मध्ये ती जोडायची, पाच मिनिटांचं काम. मग शटरवर पत्र्याचा बोर्ड चढला : 'पिकअप, जीप, कार. तीस घोडे जादा. फरक जागेवर.' डबीबरोबर गिऱ्हाइकाला एक छापील कागद मिळायचा. त्यावर टेकडीसारखी चढत गेलेली लाल रेघ. सगळ्या गिऱ्हाइकांना टेकडी तीच, फक्त वरचा गाडीचा नंबर वेगळा. गेणभाऊनं तो कागद एकदाच पाहिला होता आणि पुन्हा पाहायचं टाळलं होतं. बाप झाल्यावर माणसाला काही गोष्टी न दिसायची सवय लागते.

चिमाजीला तशी सवय नव्हती. चिमाजीचे आजोबा मेंढरं वळायचे, बापानंही वळली. चिमाजीनं ती विकून पिकअप घेतली आणि बावीस वर्षं कधी टोमॅटो, कधी कांदा, कधी बटाटा बाजारात पोचवला. त्यानं डबी बसवून महिना झाला आणि एका सकाळी तो ऋषीच्या गॅरेजसमोर गाडी आडवी लावून उतरला.

"ऋषी, तुजे तीस घोडे कुठं चरायला गेलेत रं?"

"का हो नाना? गाडी चपळ झाली का नाही?"

"मोकळी चपळ झालीया. पेडलला बोट लावलं की उडती. पर माल भरला की हाय तीच म्हातारी. चढाला आदी दुसरा टाकायचो, अजूनबी दुसराच टाकतोय."

"तुमचं पेडल मारणं चुकतंय."

"बावीस वर्सं गाडी हाकतोय मी. माझा पाय मला सांगतो."

"पायाला मीटर असतं का, नाना?"

चहाच्या टपरीवरची माणसं हसली. चिमाजी हसला नाही. मेंढरं वळणाऱ्याच्या घरातला माणूस, त्याला घाई नव्हती.

"पायाला मीटर नसतं," तो म्हणाला. "पर तुज्या बापाकडं घड्याळ हाय. घाटात घालू गाडी. एकदा डबीबिगर, एकदा डबीसकट. गेणभाऊ जो आकडा सांगल त्यो मला मान्य."

"अरं चिमाजी, बाप हाय त्यो ह्याचा," टपरीवरून कुणीतरी बोललं.

"बाप आसंल. घड्याळ गेणभाऊचं हाय."

हे वाक्य संध्याकाळी ऋषीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा गेणभाऊ जेवायला बसला होता. त्याचा घास हातात राहिला. सारजाबाईनं भाकरी थापता थापताच निकाल दिला.

"न्हाई म्हणून सांगा. पोराचा धंदा हाय. खरं निघालं तर लोक म्हणत्याल बापानं राखलं, खोटं निघालं तर शटर बंद. तुमाला दोनीकडून शेणच."

ती बरोबर बोलत होती. पन्नास वर्षांच्या संसारात सारजाबाई बहुतेक वेळा बरोबर बोलली होती आणि बहुतेक वेळा तिचं कुणी ऐकलं नव्हतं. गेणभाऊनं खुंटीकडे पाहिलं. दोन वर्षं लोंबकळलेल्या त्या घड्याळाला कुणीतरी बोलावणं धाडलं होतं. आणि तेही ज्याच्या विरोधात निकाल जाऊ शकत होता अशा माणसानं.

"येतो म्हणून सांग," तो ऋषीला म्हणाला.

मग त्यानं अटी घातल्या, मोटारीच्या पिंपाला घालायचा तशाच. बटाट्याच्या पन्नास किलोच्या चोवीस पिशव्या, दोन्ही वेळा त्याच. गाडी चिमाजीच चालवणार. गियर दुसरा, शेवटपर्यंत दुसराच. चाक धरायचं ते मागचं, खालच्या रेषेलाही आणि वरच्या रेषेलाही. रेषेच्या आधीच गाडी पळती पाहिजे आणि पेडल पार खाली, चटईला टेकलेलं.

"चटईला का?" ऋषीनं विचारलं.

"अर्धं पेडल दाबलं की पुरं दाबल्यावानी गाडी उडती, हे चिमाजीच सांगतोय. म्हंजे डबी पेडलला फसवती का इंजनला जोर देती, हे कळाया नको? पुरं दाबलं की फसवायला जागा राहत न्हाई. उरल त्यो जोर."



"गाडीचे मूळचे घोडे पंच्याहत्तर," गेणभाऊ पुढं म्हणाला. "त्याच्यावर तीस. म्हंजे घाटात दोन सेकंद तरी खाल्ले पायजेत. आपुन एकच धरू. एक सेकंद कमी आला तर तुजं खरं."

"आणि नाही आला तर?"

"बोर्ड उतरव."

पौषातल्या शेवटच्या रविवारी, ऊन अजून कोवळं असताना, घाटाच्या कडेला चाळीस-पन्नास माणसं जमली. यात्रेला अजून दोन महिने, पण बाळासाहेबानं स्पीकर आणलाच. माइकशिवाय बाळासाहेब म्हणजे घंटीशिवाय देऊळ. चिमाजीचं घर घाटाच्या पायथ्याशीच. त्यानं पिशव्या भरल्या, रात्रभर गारठलेली गाडी चालू केली आणि थेट खालच्या रेषेमागे आणून उभी केली.

पहिली बारी कुणाची, यावर थोडी चर्चा झाली. ऋषी म्हणाला, "डबीची बारी दुसरी घ्या. अवघड ती मला." लोकांना ते आवडलं. दुसरी बारी नेहमी जड जाते हे घाटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बैल एकदा चढून आला की त्याच्या छातीचा भाता होतो, दुसऱ्यांदा तो तेवढा पळत नाही. पोरगं दिलदार आहे, बापावर गेलंय, असं एक म्हातारा म्हणालाही. गेणभाऊला बरं वाटलं.

पहिली बारी, डबीशिवाय. उपरणं पडलं, अंगठा बसला. गाडी फुफाटा उडवत वर आली. चिमाजीच्या गाडीच्या बॉनेटच्या कोपऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून काळा गोंडा बांधलेला, आणि मागच्या चाकावरच्या फळीवर त्याच्या लेकीचं नाव रंगवलेलं, पुष्पा. गोंडा रेषेवरून गेला, दार गेलं, 'पुष्पा' रेषेवर आलं आणि गेणभाऊचा अंगठा बसला.

"चौदा सेकंद तीन," बाळासाहेबानं पुकारलं.

गाडी खाली गेली. ऋषीनं बॉनेट उघडून डबी जोडली. वायर जोडल्यावर त्यानं ती दोनदा ओढून पाहिली हे इतक्या वरून कुणाला दिसायचं कारण नव्हतं, पण बापाला दिसलं. लहानपणी पहिली तार जोडली तेव्हाही त्यानं ती अशीच ओढून पाहिली होती.

दुसरी बारी. उपरणं पडलं. गाडी आली. आवाज आधीपेक्षा मोकळा वाटला, फुफाटा जास्त वाटला, माणसं ओरडायला लागली. अंगठा बसला.

गेणभाऊनं घड्याळ पाहिलं. मग बाळासाहेबाला दाखवलं.

"तेरा सेकंद दोन," बाळासाहेबाचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. "मंडळी, एक सेकंद आन वर एक. घड्याळ गेणभाऊचं, आकडा खणखणीत."

भंडारा उधळला. ऋषीला खांद्यावर घेतलं. या सगळ्यात चिमाजी गाडीतून उतरला, टोपी काढून हातात घेतली आणि सरळ ऋषीसमोर जाऊन उभा राहिला.

"चुकलं माजं. चारचौगात तुला बोललो."

"नाना, असू द्या."

"न्हाई, चुकलं ते चुकलं. पाय म्हातारा झाला म्हणायचा."

आणि गेणभाऊकडे बघून त्यानं हात जोडले. हरलेला माणूस इतक्या सरळपणे हरताना गेणभाऊनं सव्वीस यात्रांत पाहिला नव्हता. घाटावर हरलेला माणूस आधी बैलाला शिव्या देतो, मग गाडीवानाला, मग घड्याळाकडे नुसता बघतो. चिमाजीनं शिव्या दिल्या त्या फक्त स्वतःच्या पायाला.

ऋषीनं त्याच दिवशी मोबाईलवर चित्रफीत टाकली. बोर्डाखाली नवी ओळ आली : 'गेणभाऊंच्या घड्याळावर सिद्ध.' मंगळवारपर्यंत गॅरेजसमोर सात गाड्या उभ्या होत्या, त्यातली एक जीप तर पार आहुप्याच्या डोंगरातून खाली आलेली.

त्याच मंगळवारी गेणभाऊ ओट्यावर मोटार भरत बसला होता. तारेचे वेढे मोजायचे असतात, मनात दुसरं काही आणायचं नसतं. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. आणि पंचेचाळिसाव्या वेढ्याला त्याच्या डोळ्यांपुढे काळा गोंडा आला.

नुसता गोंडा. दुसऱ्या बारीला अंगठा बसला तेव्हा रेषेवर काय होतं? पहिल्या बारीला त्यानं 'पुष्पा' वाचलं होतं, हे स्वच्छ आठवत होतं. 'ष्प'ची शेपटी जरा उडालेली होती तेसुद्धा. दुसऱ्या बारीला त्यानं काहीच वाचलं नव्हतं. गोंडा होता, हलणारा. म्हणजे पुढचं चाक. गाडीचं नाक रेषेला लागलं आणि अंगठा बसला. चाकं मोजताना नाकावर अंगठा, सव्वीस यात्रांत जे कधी घडलं नाही ते.

त्यानं तार खाली ठेवली. पुढच्या चाकापासून मागचं चाक दहा फूट. त्या वेगाला दहा फूट म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेरा दोन नव्हे, तेरा पाच. मग एक सेकंदही होत नाही. आठ दशांश.

अंगठ्यानं हे मुद्दाम केलं का? गेणभाऊनं स्वतःला बरंच विचारलं. मुद्दाम नाही. पण आपण कुणाच्या बापाचा अंगठा आहोत हे अंगठ्याला ठाऊक होतं.

तो गप्प राहिला. इथं त्याची बाजू घ्यायचं कारण नाही. पुकारलेला सेकंद माघारी जात नाही, असं तो स्वतःशी म्हणत राहिला. कायद्याचा हाच उपयोग असतो. खऱ्या माणसाला तो अडवतो आणि खोट्याला त्याच्यामागे लपता येतं. आठवडाभर गेणभाऊ त्या कायद्यामागे उकिडवा बसून राहिला. जेवण कमी झालं. सारजाबाईनं दोनदा विचारलं, "दात दुखतोय का?" तो हो म्हणाला. तिनं लवंग दिली. त्यानं मुकाट्यानं चघळली.

आठवड्यानंतर चिमाजी दारात आला. अंगाला जळक्या क्लचचा वास, आणि चेहऱ्यावर हसू.

"काय रं, पायी?"

"गाडी नारायणगावच्या एका गॅरेजात पडलीया. क्लच गेला. वझरच्या गणपतीला माघी जयंतीच्या जेवणाचा बटाटा घेऊन चाललो व्हतो. म्हणलं, तीस घोडे जादा हायेत, तर चोवीस पिशव्यांच्या जागी बत्तीस घालू, दोन खेपा कशाला. चढाला गाडी उभीच राहिली ना राव. मागं सरकती का पुढं जाती कळंना. शेवटी दगड लावले चाकाला. गणपतीच्या दारात माणसं पानं मांडून बसलेली आन बटाटा रस्त्यात."

"मग?"

"मग काय, लोकांनी ट्रॅक्टर धाडला. इघ्नहर्त्यालाच इघ्न." चिमाजी स्वतःच्याच विनोदावर हसला आणि ओट्यावर टेकला. "भाऊ, एक काम हाय. ऋषीला सांगा, मला एकदा शेजारी बसून पेडल कसं मारायचं ते शिकव. घड्याळ सांगतंय ताकद वाढली, म्हंजे वाढली. मंग मलाच चालवता येत नसंल."

गेणभाऊनं त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं ज्या पायानं अंधारात, पावसात, भरलेल्या गाडीनं माणूस आणि माल सुखरूप आणला, तो पाय चिमाजीनं कुणाच्या तरी अंगठ्यापायी मोडीत काढला होता. कुणाच्या तरी म्हणजे कुणाच्या, हे गेणभाऊला कुणी सांगायला नको होतं.

"क्लच कधी बसतोय?"

"शनवारी."

"रविवारी गॅरेजातनं गाडी थेट घाटात आण. चोवीस पिशव्या मी आणवतो."

"आता परत कशाला, भाऊ?"

"आण म्हणलं ना."

संध्याकाळी त्यानं ऋषीला सांगितलं. लांबण न लावता, मोटार तपासून आकडा सांगावा तसं. ऋषी आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

"आप्पा, पुकारलेला सेकंद माघारी जात नाही. तुम्हीच सांगता."

"म्या पुकारलेला कुटं? बाळासाहेबानं पुकारला. म्या चोरलेला."

"त्या बारीनंतर सात गाड्यांना बसवली मी डबी. लोक माझ्या दारात येतील."

"येत्याल."

"मला मातीत घालताय तुम्ही."

"आदी मी जातोय मातीत. तू माज्या मागं ये, नाय तर नको येऊ."

ऋषी ताटावरून उठला. सारजाबाई त्याला अडवेल असं गेणभाऊला वाटलं होतं. ती चुलीपुढून म्हणाली, "घड्याळाचा सेल बदला रविवारच्या आदी. न्हाई तर पुन्ना दात दुखायचा."

रविवारी बाळासाहेबानं माइक द्यायला खळखळ केली. त्यानं गेणभाऊला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, एक सेकंद माघारी घेतला की सव्वीस यात्रांचे सेकंद लोक उकरत्याल. नुसतं डबीत काय न्हाई म्हणून सांगा, अंगठ्याचं नका काढू."

सल्ला शहाणपणाचा होता. आपल्याकडे बहुतेक सगळं खोटं अशाच शहाणपणावर टिकून आहे.

गेणभाऊनं माइक घेतला. "मंडळी, मागल्या टायमाला दुसऱ्या बारीला तेरा दोन सांगितलं. त्ये खोटं व्हतं. मागच्या चाकावर दाबायचं, म्या पुढच्या चाकावर दाबलं. पोरगं माजं व्हतं म्हणून अंगठा घाईला आला. त्यो सेकंद मी माघारी घेतोय."

 मग भिमाजी उठला. पाच वर्षांपूर्वी त्याचा गाडा दोन दशांशानं पहिल्या नंबरातून गेला होता, आणि ते दोन दशांश तो रोज भाकरीबरोबर खायचा.

"मंग गेणभाऊ, माज्या गाड्याचं काय? तवाबी अंगठा घाईला आला आसंल."

"तवा तुज्या गाड्याला माजं पोर जुपलं नव्हतं, भिमाजी."

हशा पिकला. भिमाजीलाही हसू आलं, पण तो खाली बसला तो तसाच मान हलवत. त्याच्या मनातलं ते गेलं नाही, आणि आता जाणारही नव्हतं. गेणभाऊनं ते पाहिलं आणि पुढं चालायला लागला. ऋषी गर्दीच्या मागे, स्वतःच्या मोटरसायकलला टेकून उभा होता. येणार नाही म्हणाला होता, आला होता. गेणभाऊनं गळ्यातलं घड्याळ काढून त्याच्या गळ्यात घातलं.

"मी?" ऋषी म्हणाला.

"माज्या अंगठ्यावर आता कोण इश्वास ठेवनार? तू दाब. मागचं चाक."

"आणि मी खोटं दाबलं तर?"

"तर तुजं तू बघ."

चिमाजी नारायणगावहून थेट आला होता, इंजिन तापलेलं. या खेपेला आधी डबीसकट. उपरणं पडलं, ऋषीचा अंगठा बसला. गाडी वर यायला लागली. सगळे गाडीकडे बघत होते. गेणभाऊ गाडीकडे बघत नव्हता, तो पोराच्या अंगठ्याकडे बघत होता. काळा गोंडा रेषेवर आला. अंगठा उचलला गेला. एक क्षण तसाच वर राहिला, वाऱ्यात धरलेल्या पाखरासारखा. दार गेलं. 'पुष्पा' आलं. अंगठा बसला.

"तेरा सहा," ऋषी म्हणाला. माइक त्यानं मागितला नाही.

मग तो स्वतः खाली चालत गेला, बॉनेट उघडलं, डबी काढून खिशात घातली आणि चढून वर आला. दम लागला होता. उपरणं पडलं. गाडी आली, गोंडा गेला, दार गेलं, 'पुष्पा' आलं.

"तेरा सहा," ऋषी म्हणाला. आणि जरा थांबून, "तेवढंच."

"मंग मागल्या बारीला डबीबिगर चौदा तीन कसं आलं?" बाळासाहेबानं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

गेणभाऊलाही तेव्हाच कळलं. "गार व्हती गाडी. रातभर थंडीत उभी. बैल दुसऱ्या बारीला दमतो, इंजन दुसऱ्या बारीला मोकळं व्हतं. आपुन सगळ्यांनी त्याला बैल समजून दुसरी बारी दिली."

यावर मात्र घाट पोट धरून हसला. घाटावरच्या माणसांनी पिकअपला बैल समजावं, ही गोष्ट पुढं मंचरच्या बाजारापर्यंत गेली. चिमाजी गाडीतून उतरला आणि हसणाऱ्या माणसांमधून ऋषीकडे आला.

"म्हंजे पाय बरा हाय म्हणायचा माजा."

"बरा आहे, नाना."

"मग ठीक हाय," चिमाजी म्हणाला. टोपी त्यानं नीट बसवली आणि बटाट्याच्या पिशव्या उतरवायला लागला. ऋषीनं दुसऱ्या बाजूची फळी सोडली.

बोर्ड उतरला. सातांपैकी चौघं डब्या घेऊन आले आणि शिव्या घालून गेले, दोघं आलेच नाहीत. आहुप्याचा जीपवाला शेवटी आला; त्याच्या जीपला डबीची गरज कधी नव्हतीच, हवेचा फिल्टर मातीनं गच्च बसला होता. ऋषीनं तो बदलून दिला. बापाशी तो महिनाभर कामापुरतंच बोलला. एके दिवशी पत्र्याचा तो बोर्ड त्यानं टेम्पोत घालून घरी आणला आणि गेणभाऊच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकला, अक्षरं खालच्या बाजूला.

चैत्रात यात्रा भरली. सेन्सर आला, गेणभाऊला या वर्षी खुर्चीही नव्हती. तो घाटाच्या कडेला, चार माणसांत बसून गाडे बघत होता. गाडा वरच्या रेषेवरून गेला की मागून कुणीतरी हमखास ओरडायचं, "काय गेणभाऊ, पुढचं का मागचं?"

गेणभाऊ मागं वळून बघायचा नाही.

"मागचं," तो म्हणायचा, आणि पुढच्या गाड्याकडे डोळे लावायचा.